‘संशयकल्लोळ’ आमच्या गावात : जुन्या विनोदी नाटकाचा संगीत चित्रपट करतोय, जाणकारांनी सांगा

धानाची_बांधी

नमस्कार मंडळी. गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, नदी ओलांडली की वडसा. लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा. दिवाळीनंतर धान कापून झालं की होळीपर्यंत गावच्या नाटक मंडळात लाईट सांभाळतो. यंदा मंडळाच्या बैठकीत ठरलं की नुसतं नाटक न करता एक सिनेमा करायचा. पूर्ण लांबीचा, गाण्यांचा, गावातल्याच लोकांना घेऊन. नाटक निवडलं गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’.

हेच का, तर माझ्या आजोबांनी गावच्या मंडळात भादव्या नोकराचं काम केलं होतं. त्यांची वही माझ्याकडे आहे. पिवळी पडलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण अक्षर अजून लागतं. संवाद निळ्या शाईत आणि मधेमधे तांबड्या पेन्सिलीनं एकच शब्द : ‘थांब’. लहानपणी मला वाटायचं, ते दम घ्यायला थांबत असतील. मागच्या महिन्यात वही परत वाचली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जिथं जिथं प्रेक्षक हसणार, तिथं ‘थांब’ आहे. हशा ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही. पहिल्याच अंकात असे एकतीस ‘थांब’ मोजले.

आणि इथंच माझी गाडी अडली. सिनेमात कुणासाठी थांबायचं? समोर प्रेक्षकच नाही. थांबलो तर रटाळ होतं, न थांबावं तर हशात पुढचं वाक्य बुडतं.

ज्यांना नाटक आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतात, हे त्यांची बायको कृत्तिका खिडकीतून बघते. रेवतीच्या हातातली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर बघत असताना मागून फाल्गुनराव येतात. झालं. नवऱ्याचा बायकोवर संशय, बायकोचा नवऱ्यावर, पुढं अश्विनशेठचा रेवतीवर, रेवतीचा अश्विनशेठवर. चौघंही निर्दोष आणि चौघंही पेटलेले.

मला तीन-चार गोष्टींवर मदत पाहिजे. पदं किती ठेवायची आणि कशी घ्यायची. तसबिरीच्या जागी आज काय दाखवायचं, कारण मंडळातली पोरं म्हणतात मोबाईलमधला फोटो दाखवा. रेवती ही मुळात नायकिणीची मुलगी, तिला आजच्या गावात कोण करायचं. आणि भाषा. देवलांची ठेवायची की आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची झाडीबोली?

---

पेटीवाला_काका

बाळा, वही जपून ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नको, ओल धरते. सुती कापडात गुंडाळ आणि वर्षातून एकदा उन्हं दाखव.

मी पवनीकडचा. चाळीस वर्षं झाडीपट्टीत पेटी वाजवली, पुढं ऑर्गन. ‘संशयकल्लोळ’च्या साथीला अनेकदा बसलो, म्हणून पदांबद्दल सांगतो.

आधी एक समजून घे. देवलांनी हे नाटक प्रथम गद्यच लिहिलं होतं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावानं, १८९३ च्या सुमारास. पदं घालून ‘संशयकल्लोळ’ झालं ते पुढं, आणि गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१६ साली रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी वारले. म्हणजे गोष्टीचं घर आधी पक्कं बांधून झालं होतं, गाणी नंतर त्यात राहायला आली. त्यामुळे एखादं पद काढलंस तर घर पडत नाही. सौभद्राचं तसं नाही. तिथून पदं काढलीस तर भिंतीच जातात.

म्हणून भीती न बाळगता काट मार. रंगमंचावर पद लागलं की काळ थांबतो. फाल्गुनराव विंगेत वाट बघत उभे, इकडे गाणारा आलापी करतोय, लोक वन्स मोअर देतात, परत पहिल्यापासून. त्यात मजा आहे, ती मी भोगली आहे. पण ती मजा गळ्याची होती. सिनेमात प्रत्येक पदाला एक प्रश्न विचार : हे पद सुरू होताना कुणाला जे माहीत होतं, ते संपताना बदललं का? बदललं असेल तर ठेव.

‘मृगनयना’ मात्र काढू नको. दरबारी आहे, रात्रीचा राग. आपल्याकडे नाटकाचा दुसरा अंक लागेस्तोवर मध्यरात्र होतेच, तेव्हा तो राग कसा बसतो हे मी ऐकलं आहे. दव पडलेलं असतं, लोक घोंगडी ओढून बसलेले, मागं कुठं तरी तनशीची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, शेकोटी. त्या वेळी दरबारीचा कोमल गंधार हलला की बायका बोलायच्या थांबतात. ते पद रात्रीच घे, बाहेर घे आणि गाणाऱ्याला घाई करू नको.

---

कडक_चहा

वाचतोय. मस्त धागा. अकोल्याकडचा हाव, झाडीपट्टीतलं नाटक एकदाच पाह्यलं, अर्जुनी मोरगावले. रात्रभर मानसं हालली नाहीत जागची. भाऊ, तुमी सिनेमा कराच.

---

तिसरी_घंटा

काकांनी जी कसोटी दिली तीच जगभर वापरली गेली आहे. मी नागपूरला सिनेमाचं शिकते, याच विषयावर सध्या लिहितेय, म्हणून एक उदाहरण देते.

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चं ‘माय फेअर लेडी’ झालं. नाटक १९१३ चं, पहिला प्रयोग व्हिएन्नात. १९०८ साली शॉच्या दुसऱ्या एका नाटकावर संगीतिका झाली होती, तिचा त्यांना इतका राग आला की जिवंत असेपर्यंत ‘पिग्मॅलियन’ला गाणी लावू दिली नाहीत. ते १९५० मध्ये गेले, संगीतिका १९५६ मध्ये रंगमंचावर आली आणि सिनेमा १९६४ मध्ये. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आणली, ती सगळ्यांना माहीत आहे.

आता त्यातलं स्पेनच्या पावसाचं गाणं बघा. मुलीला शुद्ध उच्चार जमत नाहीत, रात्र सरत चालली, सगळे थकले आणि एकदम तिला जमतं. ते जमणं गाण्यातच घडतं. गाणं सुरू होतं तेव्हा ती हरलेली असते, संपतं तेव्हा जिंकलेली. ते गाणं कापलं तर कथा पुढं सरकतच नाही. काकांचा प्रश्न अगदी हाच.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची. त्या सिनेमातला प्राध्यापक, रेक्स हॅरिसन, गवई नव्हता. तो गाणं बोलल्यासारखं म्हणायचा, दरवेळी थोडं वेगळं. आधी ध्वनिमुद्रण करून मग ओठ हलवणं त्याला जमेना. शेवटी टायमध्ये बिनतारी माइक लपवून त्याची गाणी सेटवरच मुद्रित केली. ऑड्री हेपबर्नचं उलट, तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सननं गायली.

तुमचा फाल्गुनराव जो कुणी असेल, त्याला स्टुडिओत नेऊन गायला लावू नका. कॉलरला माइक लावा आणि अंगणातच गाऊ द्या. विनोदी माणसाचा श्वास चुकतो तिथंच त्याचा विनोद असतो. अश्विनशेठचा गळा तयार असेल तर त्याची पदं आधी मुद्रित करायला हरकत नाही.

---

रात्रपाळी

मी सहसा लिहीत नाही, पण रेवतीचा विषय निघाला म्हणून लिहिते.

झाडीपट्टीत बारा हंगाम काम केलं. नागपूरहून यायचे, वडशाला खोली करून राहायचे. दिवाळीपासून होळीपर्यंत जवळजवळ रोज रात्री नाटक. रात्री दहा-साडेदहाला पडदा वर, पहाटे खाली. तोंडावरचा रंग पुरता उतरायच्या आधी गाडी पुढच्या गावाला. झोप गाडीत. गाव आपल्याला घरी जेवायला बोलावतं, आग्रहानं वाढतं, म्हाताऱ्या बायका तोंडावरून हात फिरवतात. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी मी झाडीपट्टीची जन्मभर ऋणी राहीन.

पण दुसरीही बाजू आहे. एका गावात ज्या घरी उतरवलं होतं, तिथली सून मला पाणी देताना तांब्या जमिनीवर ठेवायची, हातात द्यायची नाही. तिचा नवरा मंडळाचा कार्यकर्ता, सामानाची धावपळ करणारा, बिचारा साधा माणूस. दिवसभर त्याला माझ्याशी चार शब्द बोलावे लागले, तेवढ्यावर तिनं काय काय बांधलं असेल कुणास ठाऊक. रात्री नाटक बघायला आली तेव्हा पहिल्या रांगेत बसून माझ्या प्रवेशाला ढसाढसा रडली. सकाळी तांब्या हातात दिला. आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

भाऊ, तुमची रेवती हीच आहे. तिला नाटक कंपनीची नटी करा. मंडईसाठी (गावची जत्रा) किंवा पटासाठी (बैलांच्या शर्यती) गावात आलेली. देवलांच्या काळी नायकिणीच्या मुलीकडे लोक ज्या नजरेनं बघायचे, त्यातली थोडी नजर अजून आमच्या वाट्याला येते, त्यामुळे काही ओढूनताणून बसवावं लागणार नाही. आणि तिला भोवळ का येते हे नव्यानं शोधायला नको. तीन रात्रींची झोप नाही आणि सकाळपासून नुसता चहा. मला स्वतःला दोनदा आली आहे.

एकच विनंती. हसू संशय घेणाऱ्यावर येऊ द्या, तिच्यावर नको. देवलांनीही तसंच केलं आहे. अश्विनशेठ तिच्याशी लग्न करायला निघाला आहे आणि नाटक त्याबद्दल त्याला कमी लेखत नाही. म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीची बाजू घेणारं ‘शारदा’ लिहिणारा माणूस होता तो.

---

धानाची_बांधी

ताई, तुमची पोस्ट मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवली. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग आमच्या अध्यक्षांनी सांगितलं, रेवती नटीच. ठरलं.

आणि एकदा हे ठरल्यावर बाकीचं भराभर लागत गेलं. गोष्ट आता पटाच्या तीन दिवसांत घडते. गावात पट म्हणजे प्रत्येक घरी पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या, जावई आलेले, अंगणात खाटा, एका रात्री दोन-दोन नाटकं. इतकी अनोळखी तोंडं गावात एरवी कधीच नसतात. कोण कुणाचा कोण, हा घोळ आपोआप तयार. फाल्गुनराव झाले फागोजी, आठ एकर धान आणि दोन जोड्या बैलांचे मालक. भादव्याला भादू केलं. नावं बदलायला कष्टच पडले नाहीत. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली, आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांत फागो, भादू, चैतू, आषाढू ही नावं आहेतच.

तसबिरीचंही सांगतो. पोरांचा मोबाईलचा हट्ट होता म्हणून दोन्ही घेऊन बघितलं. आधी मोबाईल. भोवळ आली, मोबाईल पडला, कृत्तिकानं उचलला. पण स्क्रीन बंद! ती काय बघणार? कुलूप उघडणार कसं? बरं, वॉलपेपर दिसला असं धरलं, तरी त्याच मोबाईलवर पुढच्या क्षणी कुणाचा तरी फोन येणार आणि घोटाळा तिथंच मिटणार. मोबाईल खरं सांगून टाकतो. या गोष्टीला मुकी वस्तू पाहिजे.

मग फोटो घेतला. मार्कंड्याच्या जत्रेत फोटोवाले असतात, मागं रंगवलेला पडदा, समोर मोटारसायकल. माझ्या मेहुण्याचा असाच एक आहे, गॉगल लावलेला, लॅमिनेशन केलेला. तो तनशीवर पडला की चकाकतो. उलटा पडला की पाठ पांढरी. कृत्तिका पायानं उलटा करते, मग वाकते, पदरानं पुसते. त्या पुसण्यावरच फागोजी मागून येतो. त्याला वाटतं, बायको कुणाच्या तरी फोटोवरून पदर फिरवतेय. मूळ नाटकात बीज आहेच, पण या पुसण्यानं आमच्याकडे ते असं फुटलं.

---

तिसरी_घंटा

वा! हे फार छान. हा प्रसंग मुळात मोलिएरचा, १६६० च्या ‘स्गानारेल’मधला. तिथून आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ केलं, त्यावरून देवलांनी घेतलं. पॅरिसहून लंडन, लंडनहून महाराष्ट्र, आता मार्कंड्याच्या जत्रेचा फोटो. प्रत्येक ठिकाणी चित्र हातातून हातात जातं आणि चित्र बोलत नाही, एवढंच कायम राहिलं.

शॉट कसा घेतलात? क्लोजअप की वाइड?

---

धानाची_बांधी

तेच सांगायचं होतं, त्यातूनच ‘थांब’चं उत्तर मिळालं.

आधी सवयीनं क्लोजअप घेतले. लग्नात आम्ही तेच करतो ना, नवरीचे डोळे, मेंदी, मंगळसूत्र. इथंही तसंच. कृत्तिकाचा चेहरा, कट. फोटो, कट. फागोजीचे वटारलेले डोळे, कट. मग आणखी एक घेतला, कॅमेरा समोरच्या ओसरीवर ठेवून, न हलवता. चौकटीत डावीकडे कृत्तिका पाठमोरी वाकलेली, उजवीकडे दारातून फागोजी आलेला, मधे गायीचं दावं. दीड मिनिट, एकही कट नाही.

शनिवारी समाज मंदिराच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून दोन्ही दाखवले. बचत गटाच्या बायका होत्या, काही म्हातारी माणसं, पोरं. क्लोजअपवाल्याला कुणी हसलं नाही. एक आजी म्हणाली, “काहून रागावला बाप्पा थो?” म्हणजे तिला प्रसंग गंभीर वाटला. दुसरा लावला. फागोजी दारात दिसताबरोबर, त्यानं काही करायच्या आधीच, हशा! कारण त्याला काय दिसतंय आणि खरं काय आहे, हे बायकांना एकाच वेळी दिसत होतं. क्लोजअपमध्ये आपण फागोजीच्या डोक्यात जाऊन बसतो. तिथून बघितलं तर त्याचा संशय बरोबरच वाटतो आणि मग हसू कुठून येणार.

नाटकात प्रेक्षकाला सगळा रंगमंच सतत दिसत असतो, म्हणून हे कुणाला शिकवावं लागलं नाही. सिनेमात ते जपावं लागतं.

‘थांब’चं असं झालं. त्या दीड मिनिटात आपोआप जागा राहिल्या. फागोजी बोलायचा थांबला तरी डावीकडे कृत्तिका फोटो पुसतेच आहे, मागं गाय मान हलवते आहे, भादू घागर घेऊन येतो आणि परत वळतो. कुणी हसलं तर त्याला हसायला वेळ आहे, कुणी हसलं नाही तरी पडदा रिकामा नाही. आता वहीतल्या प्रत्येक ‘थांब’समोर मी लिहीत चाललो आहे की त्या वेळी चौकटीत दुसरं काय चालू असेल. एकतीसपैकी एकोणीस झाले.

---

पेटीवाला_काका

शाब्बास. नाटकातसुद्धा चांगला नट नुसता थांबत नव्हता रे. उपरणं झटकायचा, पानाला चुना लावायचा. तुझ्या आजोबांनीही काहीतरी केलंच असेल, वहीत लिहिलं नाही इतकंच.

---

वकीलसाहेब_गोंदिया

हक्कांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोफत सल्ला आहे, पण हातघाईच्या वेळी आठवेल.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. देवल १९१६ मध्ये गेले, तेव्हा संहिता आणि पदांचे शब्द केव्हाच सर्वांसाठी खुले झाले आहेत. सिनेमा करायला कुणाची परवानगी नको. पण जुन्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क वेगळा, त्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. कुणाची जुनी तबकडी किंवा रेकॉर्डिंग पार्श्वभूमीला वाजवू नका, तुमच्या माणसाकडूनच गाऊन घ्या. नंतरच्या कुणी पदाला नवी चाल लावली असेल तर तीही उचलू नका. आणि कुणी ‘ती फुलराणी’ किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ करायला निघेल तर आधीच सांगतो, पु. ल. २००० मध्ये गेले आणि आपल्या नागपूरचे दारव्हेकर मास्तर १९९९ मध्ये. तिथं वारसांची लेखी परवानगी लागते.

दुसरं, पट. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात अटींसह सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा कायम ठेवला. पण सिनेमात बैल पळवायचे असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी काढावी लागते. सेन्सॉरकडे गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. शूटिंग झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

---

धानाची_बांधी

वकीलसाहेब, मोठं काम केलंत. बैल पळवतच नाही मग. पट आवाजातूनच दाखवतो. लांबून गलका, घुंगरांचा आवाज, लाउडस्पीकरवर जोड्यांची नावं. तसंही गोष्ट अंगणातलीच आहे.

---

तांदूळपेठ

भाषेवर लिहितो. मी भंडाऱ्याचा, सध्या कामानिमित्त पुण्यात. झाडीबोलीत करा ही माझी कळकळीची विनंती, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक म्हणजे सरसकट ‘मले-तुले’ लावून भागणार नाही. ती ढोबळ वैदर्भी झाली, जी टीव्हीवर हसण्यासाठी वापरतात. आपल्या बोलीत ण, ळ, श, ष, छ हे उच्चार नाहीत. डोळ्याचा डोरा होतो, पोळ्याचा पोरा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीवर आयुष्य घातलं, त्यांचं लेखन मिळवून वाचा. गावातल्या साठीच्या पुढच्या माणसांना संवाद म्हणायला लावा आणि ते जसं म्हणतील तसं लिहून घ्या.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. आजवर बोली कुणाला दिली जाते? नोकराला. भादव्या गावठी बोलणार आणि फाल्गुनराव शुद्ध बोलणार. म्हणजे बोली हाच विनोद होऊन बसतो. तसं करू नका. फागोजीही तेच बोलेल, कृत्तिकाही तेच. मग हसू येईल ते संशयाला येईल.

---

कडक_चहा

लाख बोलले भाऊ. आमच्या वऱ्हाडीचं बी तेच केलं सिनेमावाल्यायनं. हीरो पुन्याचा, अन् दात काढाले वऱ्हाडी.

---

रात्रपाळी

तांदूळपेठ, अगदी खरं. आणि मग रेवती एकटीच प्रमाण मराठी बोलू दे, कारण ती बाहेरून आलेली आहे. मी तशीच बोलायचे. पहिल्या हंगामात मला ‘बांधी’ म्हणजे धानाचं शेत हे कळत नव्हतं, ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर हे कळत नव्हतं. घरात वावरताना तिचा एकेक शब्द बदलत गेलेला दाखवा. शेवटी ती कृत्तिकेला ‘काय वो बाई’ म्हणेल तेव्हा कुणी तिला समजावून सांगायची गरज पडणार नाही की ती आता परकी नाही.

---

पेटीवाला_काका

ताईंनी आता गाण्याचा प्रश्नच सोडवला. भाषा दोन, तर चालीही दोन. रेवती आणि अश्विन यांची पदं देवलांच्या शब्दात, रागदारीत, कारण ती नाटकवाली आहे आणि तिच्या कानात ते आहे. फागोजी, कृत्तिका, भादू यांची गाणी गावच्या चालीवर. दंडार आहे, खडी गंमत आहे, हे आपले इकडचे लोकनाट्याचे प्रकार. डफ, ढोलकी, तुणतुणं. फागोजीचा संशय चढत जातो तसा डफ चढू दे. खडी गंमतीत शाहीर एक ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात. इथं फागोजी एक शंका बोलेल आणि पटाला आलेले पाहुणे तीच शंका झील म्हणून परत म्हणतील. एका माणसाच्या मनातली गोष्ट गाणं संपेस्तोवर साऱ्या गावाची होईल. बघ, माझ्या कसोटीला उतरतं का.

आणि शेवटी ‘हृदयी धरा’. त्या पदात देवलांनी संशयाला झोटिंग म्हटलं आहे. पुण्यातल्या प्रेक्षकाला तो शब्द पुस्तकातला वाटत असेल. आपल्याकडे बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पाळीवर झोटिंग, म्हणजे भूत, आहे म्हणून संध्याकाळी पोरांना तिकडं जाऊ देत नाहीत. ते पद दोन्ही वाद्यमेळांवर एकत्र घे. पेटीही आणि डफही. स्वर डफाला जुळवून घ्यावा लागेल. डफ दवानं उतरतो, गाणं लांबलं तर मधेच शेकावा लागतो. शेकोटी जवळ ठेव.

---

तिसरी_घंटा

काका, ते झील धरायचं वाचून अंगावर काटा आला. हा प्रसंग नाटकात नाही, रंगमंचावर इतकी माणसं परवडलीही नसती. सिनेमात जायचं कारण म्हणून हे एकच गाणं पुरेसं आहे.

एक व्यावहारिक गोष्ट. ते गाणं एका दमात घ्यायचं असेल तर मागच्या झीलकऱ्यांसाठी दोन माइक उंच बांबूला बांधा, खालून माणसांच्या अंगावर लावत बसू नका. आणि गाणं सुरू होण्याआधी अंगणाचा मोकळा आवाज एक मिनिट तरी मुद्रित करून ठेवा. रातकिडे, लांबचा पट, सगळं. नंतर जोडकामात तोच उपयोगी पडतो.

---

धानाची_बांधी

मंडळी, काय बोलू. आठवड्यापूर्वी माझ्याकडे नुसती एक वही होती.

काल भादूचं काम करणाऱ्या पोराला झीलची कल्पना सांगितली. ऐटीत म्हणाला, “माहाच डफ आनतो.” त्याच्या घरी आजोबांच्या काळचा आहे, दिवाळीनंतर नवं चामडं चढवलं. फागोजीचं काम आमचे सरपंच राहिलेले काका करणार, ते मुळात भजनी. त्यांच्याकडून पहिली ओळ म्हणवून घेतली, “फोटो कोनाचा होय गा, फोटो कोनाचा?” आणि अंगणात बसलेल्या सात-आठ जणांनी न सांगता परत म्हटली. पोरं, बाया, सगळ्यांनी. तिसऱ्यांदा म्हणेस्तोवर शेजारच्या वाड्यातून आवाज आला, “कोनाचा फोटो? का झालं?” आणि दोन बायका खरोखरच बघायला आल्या. त्या दोघींनाही गाण्यात घेतलं आहे.

रात्रपाळी ताई, रेवतीसाठी ज्या मुलीला विचारलं ती नागपूरची आहे, हा तिचा दुसराच हंगाम. तुमची पोस्ट तिला पाठवली. तिला तुमच्याशी बोलायचं आहे. इथं निरोप टाकलात तर मी जुळवून देतो.

काकाजी, तुम्ही येणार असं धरून चाललो आहे. बुधवारी ‘मृगनयना’ची रात्रीची तालीम. पेटी एस.टी.त टाकू नका, हादरे बसतात. सकाळी मी स्वतः पवनीला गाडी घेऊन येतो, मागच्या सीटवर गादी टाकतो. जेवण आमच्याकडे, आई पाटवड्या करणार आहे.

---

पेटीवाला_काका

येतो. तूर्त काळी दोन पट्टी धर. आणि तो डफवाला पोरगा तालमीला असू दे, त्याचा डफ आधी ऐकतो, मग पट्टी ठरवू.